अण्णाच्या होडीच्या चार खिडक्या

यंदाही येलदरीचं धरण भरलं. दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकानं काउंटरवर पेपर पसरला आणि दरवाज्यांतून कोसळणाऱ्या पाण्याच्या फोटोवर बोट ठेवून म्हणालं, "शेठ, काय पाणी हाय बघा! जाऊन या की एकदा." मी "बघू" म्हणालो. गिऱ्हाईक गेल्यावर पेपरची घडी घातली आणि काचा पुसायच्या रद्दीत टाकून दिली. परभणीत काचेचा धंदा करणारा माणूस पेपर वाचतो कमी आणि काचेवर घासतो जास्त. पण त्या दिवशी तो कागद मी तीनदा रद्दीतून बाहेर काढला.

ते भाद्रपदातलं झालं. आता दिवाळी उरकलीय. मानवतच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्या सुरू झाल्यात आणि बाभळींना जागोजाग कापूस अडकलाय. ऊसतोडीला निघालेल्या माणसांचे ट्रॅक्टर दुकानावरून जातात. त्यात पत्रे, हंडे, शेळ्या आणि त्या सगळ्याच्या वर शालीत गुंडाळलेल्या बाया बसलेल्या असतात. सकाळी शटर वर करताना लोखंड हाताला गार लागतं. हे दिवस आले की माझ्या बोटांना सिलिकॉनचा आंबूस वास यायला लागतो. दुकानात तो बारा महिने असतो, पण ह्या दिवसांतला वेगळा असतो, आणि तो हात धुतला तरी जात नाही.

चार वर्षांपूर्वी याच दिवसांत अण्णानं होडी आणली.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. आम्ही लिंगायत वाण्याच्या घरातली पोरं. आमच्यात दुकान सोडून गेलेला माणूस म्हणजे अर्धा वाया गेलेला. अण्णा अठराव्या वर्षी दुकान सोडून थेट समुद्रावर गेला. मालवाहू जहाजावर फिटर म्हणून चाळीस वर्षं काढली. अप्पांनी म्हणजे आमच्या वडलांनी काचेच्या तसबिरींपासून सुरू केलेलं दुकान माझ्या गळ्यात पडलं, ते मी ॲल्युमिनियमच्या खिडक्यांपर्यंत आणलं. अण्णा सुट्टीवर यायचा तेव्हा घरभर परदेशी साबणाचा वास सुटायचा आणि मला त्याचा हेवा वाटायचा. खोटं कशाला बोलू, रागही यायचा.

निवृत्त होऊन तो परभणीत आला, तेव्हा वाटलं आता महादेवाच्या देवळात बसून गप्पा मारील. तर यानं कोकणातून कुणाची तरी टाकून दिलेली शिडाची होडी ट्रकवर घालून आणली! वीस-बावीस फुटांची, पांढरा रंग उडालेली, मधोमध एक बुटकं केबिन. ती महिनाभर आमच्या गोडाऊनसमोर लाकडी ओंडक्यांवर उभी होती. अर्धी परभणी बघून गेली. कुणी तिच्यावर हात फिरवला, कुणी पाया पडलं, एका म्हातारबाबानं मला बाजूला घेऊन विचारलं, "बसूशेठ, हवामान खात्यानं काय सांगितलंय का?" मी कपाळावर हात मारून घेतला. अण्णा मात्र हसत होता. इतका हसताना मी त्याला लहानपणापासून पाहिलं नव्हतं.

"बसू, हिच्या खिडक्या बदलायच्यात," तो म्हणाला. "एवढं काम तू कर. बाकीचं मी बघतो."

केबिनला चार खिडक्या होत्या, दोन्ही बाजूंना दोन-दोन. लांबट, कोपरे गोल, हातभर रुंद. जुनं ॲक्रिलिक उन्हानं पिवळं पडलं होतं आणि त्यात बारीक तडे गेले होते. बाहेरचं काही दिसत नव्हतं, नुसता उजेड यायचा. अण्णा आत बसायचा, डोळे बारीक करायचा आणि म्हणायचा, "ह्या खिडक्यांनी वाट लावली. काय दिसंना बघ."

आमच्याकडं खिडकी असते ती ऊन अडवायला, धूळ अडवायला, नाहीतर माकडं अडवायला. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, काळी काच टाका, वर फिल्म मारा, आतलं बाहेर दिसायला नको. मला खिडकीतून बाहेर बघायचंय, असं सांगणारं गिऱ्हाईक तीस वर्षांत मला एकच भेटलं, आणि तो माझा सख्खा भाऊ निघाला. तरी मी त्याला सवयीनं विचारलं, "काळं टाकू का? ऊन लय लागंल आत." तो एकदम चिडला. "काळं न्हाई. पांढरं. एकदम पांढरं, पाण्यावानी."

मग होडी येलदरीला नेली आणि धरणाच्या मागच्या पाण्यात, एका गावाच्या काठाला लावली. ते गाव त्या दिवसांत निम्मं रिकामं होतं. धडधाकट माणसं ऊसतोडीला गेलेली, उरली म्हातारी माणसं आणि एक किसन भोई. हा किसन पन्नाशीचा, काटकुळा, थर्माकोलच्या तराफ्यावर बसून मासे धरायचा. काठावर शाळू गुडघ्याएवढा झालेला, हरभऱ्याला घाटे यायचे होते, आणि दुपारी वाऱ्यानं पाण्याचा रंग सारखा बदलायचा. मला पाण्याची भीती वाटते. पोहायला येत नाही. काठावर दगडावर पाय ठेवतानासुद्धा मी आधी हात कशाला तरी धरतो. म्हणून खिडक्या बसवायचं काम होडी काठाला दोन दोरांनी बांधून, एक फळी टाकून, मी जीव मुठीत धरून केलं.

तसं काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही. जुन्या खिडक्या काढल्या, तर खाली कडक झालेलं सिलिकॉन. ते पटाशीनं खरडून काढायला एक दिवस गेला. अण्णा चौकटीवरून अंगठा फिरवायचा आणि सांगायचा, "हितं राहिलंय. हितं बी." मला काही दिसायचं नाही, पण खरडलं की निघायचं. मी मनात म्हणायचो, काय हात आहे ह्याचा! पुठ्ठ्यावर माप घेतलं, दुकानात येऊन ॲक्रिलिक कापलं. यंत्र जोरात चालवलं की त्याची कड वितळते, म्हणून सावकाश. स्क्रूची भोकं मुद्दाम मोठी पाडायची, कारण उन्हात ते पसरतं आणि भोक नेमकं असलं तर तडकतं. हे सगळं अण्णानं शिकवलं. ज्यानं चाळीस वर्षं दुकानाचं तोंड पाहिलं नाही, तो मला काच बसवायला शिकवत होता.

आमच्या धंद्यात स्क्रू आवळायचा म्हणजे आवळायचा. सिलिकॉन बाहेर फुगून आलं की समजायचं, खिडकी बसली. मी तसाच आवळायला लागलो, तर अण्णानं माझं मनगट धरलं. "घट्ट नको. नुसता टेकव. सगळं सिलिकॉन बाहेर आलं तर मग पाणी कोण अडवंल? आज टेकव, उद्या वाळल्यावर जरासं आवळ."

"आन् तवर?"

"तवर बसायचं."

मग आम्ही बसलो. तो दिवस मला मिनिटामिनिटानं आठवतो. वैनीनं दिलेल्या ज्वारीच्या भाकरी, दाण्याची चटणी, कांदा. अण्णानं सकाळी होडीतच अंघोळ उरकून लिंगपूजा केली होती. डाव्या तळहातावर लिंग ठेवायचं आणि त्याच्याकडं एकटक बघत बसायचं, ही आमची रोजची रीत. मी पाच मिनिटांत उरकतो. तो अर्धा तास बसला होता, पापणी न हलवता. जहाजावर सुद्धा एक दिवस चुकला नाही, म्हणाला. जेवताना त्यानं मला पहिल्यांदाच समुद्राच्या गोष्टी सांगितल्या. वादळाच्या नाहीत, साध्याच. पहाटे पाण्याचा आणि आभाळाचा रंग एक होतो आणि मग हळूहळू मध्ये एक रेघ येते, ती बघण्यासाठी तो पाळी नसतानाही उठायचा म्हणे. "ती रेघ हितं बी दिसंल का रे?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "हितं पलीकडं टेकाड हाय अण्णा. रेघ कुठली दिसायलीय."

इथं दुकानातली एक रीत सांगायला हवी. अप्पांच्या वेळेपासून आमच्यात नव्या काचेवर कागदाची पट्टी चिकटवतात, कुणी आरपार चालत जाऊन डोकं फोडून घेऊ नये म्हणून. ती पट्टी दुकानातला माणूस कधी काढत नाही. ज्याची खिडकी, त्याच्या हातानंच ती निघाली पाहिजे. घरातला मोठा माणूस येतो, नखानं कोपरा उचकटतो, ओढतो आणि पहिल्यांदा बाहेर बघतो. मग खिडकी त्याची झाली. आता कारखान्यातूनच ॲक्रिलिकवर दुधी प्लॅस्टिक चिकटवून येतं, पण रीत तीच आहे, आणि आम्ही त्याला अजून कागदच म्हणतो. मी आतल्या बाजूचं प्लॅस्टिक काढलं होतं, कारण त्यावर आतून चौकटीची पट्टी बसवायची होती. बाहेरच्या बाजूचं कडेकडेनं अंगठ्याएवढं कापलं, मधलं ठेवलं. ते अण्णाचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्क्रू आवळून झाले. मी आत आलो तेव्हा अण्णा बाकावर गुडघे जवळ घेऊन बसला होता. चारही खिडक्या दुधानं भरल्यासारख्या पांढऱ्या. त्यांतून पाणी, काठ, झाड, काहीही दिसत नव्हतं.

अण्णानं उजवीकडच्या खिडकीकडं तोंड केलं आणि म्हणाला, "हां! आता कसं! बघ बसू, पलीकडचं टेकाड कसं लख्ख दिसायलंय. त्याच्यावरचं लिंबाचं झाड बी. काम केलंस बघ तू."

आधी वाटलं, चेष्टा करतोय. त्याच्या तोंडाकडं पाहिलं, तर तो खरंच खूश होऊन बघत होता. मग एकेक गोष्ट माझ्या डोक्यात जागेवर जाऊन बसायला लागली. अंगठ्यानं चौकट चाचपणं. दुकानात आला की आधी काउंटरची कड धरणं. ॲलर्जीची म्हणून दिवसातून दोनदा डोळ्यांत घालायची ती बारकी बाटली. वाट लावली म्हणून ज्यांना शिव्या घातल्या त्या जुन्या, पिवळ्या खिडक्या. अठराव्या वर्षी दुकान सोडलेल्या माणसाला दुकानाची रीत कुठली आठवायला! त्याला वाटलं होतं, मी कागद काढलाय.

गप्प राहता आलं असतं. बाहेर जाऊन मीच ते प्लॅस्टिक ओढून काढलं असतं, तर त्याला कधी कळलं नसतं की मला कळलंय. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "अण्णा, कागद तुझ्या हातानं निघायचाय."

तो हलला नाही. होडीच्या तळाला पाणी चाटत होतं, तेवढाच आवाज. मग त्यानं हात वर केला, खिडकीवर टेकवला, आणि हळू आवाजात विचारलं, "बाहेरून हाय का?"

"बाहेरून हाय."

"चारी?"

"चारी."

त्याला उठवून मी बाहेर आणलं. त्यानं बोटांनी चाचपत कोपरा शोधला, नखानं उचकटला आणि ओढला. प्लॅस्टिक फाटत गेलं. एक, दोन, तीन, चार. शेवटचं काढून झाल्यावर तो ते चारही तुकडे छातीशी धरून फळीवर बसला आणि म्हणाला, "काचबिंदू हाय. डॉक्टर म्हणतो गेलेलं परत येत न्हाई. राहिलेलं जपायचं. लय काय राहिलं न्हाई बसू. उजेड कळतो. माणूस हललेलं कळतं."

"वैनीला?"

"म्हाईत न्हाई. तू बी सांगू नको. एवढा हिवाळा जाऊ दे."

मी रडलो. तो नाही रडला. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला, तोही पहिल्यांदा खांद्यावर, मग चाचपत पाठीवर.

मग मी अट घातली. होडी पाण्यात न्यायची तर मी बरोबर येणार. बघायचं काम माझं, सुकाणूचं त्याचं. तो म्हणाला, "तू? पाण्यात?" आणि खूप वेळ हसला. पण कबूल झाला.

तो सगळा मार्गशीर्ष आणि अर्धा पौष आम्ही येलदरीला जात होतो. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. दुकान कामगारांवर टाकून. मी पुढं तोंड करून, दोन्ही हातांनी कठडा धरून बसायचो आणि बोलत राहायचो. अण्णा, डावीकडं काठ हाय, शाळू निसवलाय, पाखरं राखायला एक बाई माळ्यावर उभी हाय, लाल लुगडं. अण्णा, समोर पाणी नुसतं, उन्हानं डोळे दिपायलेत. अण्णा, बगळे. आयुष्यात इतकं मी कधी पाहिलं नव्हतं. काचेतून बघायची सवय असलेला माणूस मी. काच आहे की नाही, डाग आहे की नाही, एवढंच बघायचो. पलीकडं काय आहे ते ह्या आंधळ्या होत चाललेल्या माणसासाठी पहिल्यांदा पाहिलं.

तो गालावरून वारा ओळखायचा. मान जराशी वळवायचा आणि शिडाचा दोर सैल सोडायचा किंवा ओढायचा. मी "उजवीकडं घे" म्हणायच्या आत होडी वळलेली असायची. मला वाटायचं, माझ्या बोलण्याचा अंदाज त्याला आधीच येतोय. किसन भोई कुठंतरी पुढं असायचाच. तराफ्यावर बसून काठीनं फळी बडवत मासे जाळ्याकडं हाकत असायचा, ठक ठक, ठक ठक. आम्ही जाऊ तिकडं नेमका हाच. मी कधी कधी चिडून म्हणायचो, "ह्याला एवढ्या धरणात दुसरी जागा सापडंना का?" अण्णा म्हणायचा, "असू दे रे. त्याचं पोट हाय."

पौषातल्या एका दुपारी वारा जास्त होता. होडी एका अंगावर कलली होती आणि मी कठडा सोडत नव्हतो. समोर किसनचा तराफा, आणि त्याच्या मागं पाण्यातून वर आलेली वाळलेल्या बाभळींची खोडं. बुडालेल्या झाडांची ती टोकं मला लांबूनच भ्यायला लावायची. होडी सरळ तिकडंच निघाली होती. मी ओरडलो, "अण्णा, वळव! झाडं हायती!" तो म्हणाला, "हां हां." पण वळवलं नाही. मी पुन्हा ओरडलो. तो शांत. मग मी उठलो, कसा उठलो देव जाणे, आणि त्याच्या हातातला सुकाणूचा दांडा धरून जिवाच्या आकांतानं ओढला.

शिडाच्या खालचा आडवा दांडा गर्रकन् फिरला आणि अण्णाच्या कपाळावर बसला. होडी गचके खात थांबली. अण्णाच्या भुवईवरून रक्त येत होतं. लांब किसन तराफ्यावर उभा राहून बघत होता. अण्णानं पंच्याचा बोळा कपाळावर दाबला आणि एवढंच म्हणाला, "काय न्हाई झालं बसू. काय न्हाई. चल, घरी जाऊ."

घरी त्यानं वैनीला सांगितलं, मोटारीचा दरवाजा लागला. मला घरी झोप कसली लागतेय! सकाळी उठलो तो थेट अण्णाच्या घरी गेलो. अण्णा शेजारच्या खोलीत लिंगपूजेला बसला होता. वैनी ओट्याशी भाकरी थापत होती. मी तिथंच, उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. अण्णाला दिसत न्हाई वैनी. काल होडी झाडावर घालायलालता. मी नसतो तर आज काय झालं असतं.

वैनीनं गॅस बंद केला. तव्यावरची भाकरी तशीच राहिली. "कवापासून?" तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं पिठाचे हात पदराला पुसले. "चाळीस वर्षं वाट बघितली ह्या माणसाची," ती म्हणाली, "आन् घरात बसून बी मला कळलं न्हाई. तुमाला कळलं, तुमी बी सांगितलं न्हाई." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पुढचं भराभर झालं. पुतण्या पुण्याहून आला. एका जलपर्यटनवाल्यानं होडी नेली. ती ट्रकवर चढवली त्या दिवशी अण्णा काठावर दगडावर बसला होता. त्यानं कुणालाच दोष दिला नाही, माझ्याकडं तोंडही वळवलं नाही. ट्रक सुरू झाल्यावर फक्त म्हणाला, "बसू, खिडक्यांना कागद लाव. रस्त्यात ओरखडे पडतील." मी गाडीतली रद्दी आणली आणि चारही खिडक्यांना पेपर चिकटवले. पट्ट्या वाकड्या बसल्या.

त्यानंतर तो तीन वर्षं जगला. मी दर रविवारी जायचो. एकदा खुर्ची खिडकीशी ओढली आणि बोलायला लागलो, अण्णा, समोरच्या गच्चीवर सांडगे वाळत घातलेत, आभाळ आलंय. तो ऐकत होता, मग हळूच म्हणाला, "राहू दे बसू. दमशील." पुन्हा मी कधी सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. आम्ही भावाभावांनी तीन वर्षं हवापाण्याच्या आणि औषधाच्या गोष्टी केल्या. गेल्या वैशाखात तो गेला. आमच्यात माणसाला पुरतात, समाधीत मांडी घालून बसवतात. त्याच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवताना त्याची बोटं मीच उघडली. ती जड झाली होती. ह्या बोटांनी चौकट चाचपून मला काम शिकवलं होतं, एवढंच तेव्हा मनात आलं, आणि मग माती लोटायची वेळ झाली.

मागच्या रविवारी मी येलदरीला गेलो. तेच गाव, तसंच रिकामं. शाळू तेवढाच. मी काठावर उभा होतो, तेवढ्यात किसन भोई तराफा ओढत वर आला. मला ओळखलं. अण्णा गेल्याचं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्यानं चुलीवर काळा चहा केला, आम्ही दोघं दगडावर बसलो.

"लय गुणाचा माणूस," तो म्हणाला. "तुमी नसताना बी यायचे की. जिंतूरच्या एसटीनं. फाट्यावरनं मीच हाताला धरून आणायचो."

"एकटा? दिसत नव्हतं त्याला."

"दिसायला कशाला पायजे? मी म्होरं तराफा घालायचो, काठी वाजवत. ते आवाजाच्या मागं मागं. थांबायचं झालं की मी एका जागी वाजवायचो. मंग ते येऊन शीड सोडायचे, होडी बराबर माझ्यापाशी. च्या प्यायचो दोघं. तुमी असताना बी तेच चालायचं, पर च्या राहायचा."

"तू मासे हाकायचास ना?"

"मासं?" तो हसला. "भर दुपारी कुठलं मासं, शेठ?"

हातातला कप मी खाली ठेवला. मग विचारलं, त्या वाऱ्याच्या दिवशी?

"त्या दिशी बी माझ्याकडंच यायलालते. झाडं तर माझ्या मागं लय लांब हुती. मीच सांगितलं हुतं, आज भावाला बी च्या पाजू. तुमीच दांडा वडला." त्यानं उरलेला चहा खाली ओतला. "मी त्यायला पहिल्यापून म्हणायलालतो, अण्णा, शेठला सांगून टाका, म्हंजी त्यांचा बी जीव खाली पडंल. तर म्हणले, नगं. त्याला पाण्याचं लय भ्या हाय, तरी माझ्यासाठी येऊन बसतो. त्याला वाटू दे, तोच मला सांभाळायलाय."

मी वैनीला सांगत होतो तेव्हा अण्णा शेजारच्या खोलीत होता. मध्ये नुसता पडदा. त्यानं सगळं ऐकलं. मी नसतो तर काय झालं असतं, हेही ऐकलं. उठून बाहेर येऊन, किसन भोयाला विचारा, एवढं जरी तो म्हणाला असता तरी होडी राहिली असती. पण मग मला कळलं असतं की मी कुणालाच वाचवलं नव्हतं, आणि त्याचं कपाळ माझ्याच हातानं फुटलं होतं. ते मला कळू नये म्हणून त्यानं होडी जाऊ दिली.